कर्णाची वाट

(आयताच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी सरळ रेघ म्हणजे आयताचा कर्ण. ही रेघ प्रत्यक्ष न मोजता तिची लांबी कशी काढतात, हे या पाठात सांगितले आहे. हे गणित फार जुने आहे. निरनिराळ्या भाषांतून प्रवास करत ते आपल्या शहरातील एका सुंदर इमारतीच्या दारापर्यंत कसे आले, तेही वाचा.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी बीबी का मकबरा पाहिला असेल. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे राहणाऱ्यांना तर तो परिचयाचाच आहे. घरी पाहुणे आले, की आपण त्यांना हौसेने मकबरा दाखवायला नेतो. दक्षिणेकडच्या मोठ्या दरवाजातून आत गेले, की समोर कारंज्यांची लांब रांग दिसते. दोन्ही बाजूंना बाग आहे आणि मधोमध उंच चौथऱ्यावर पांढरी शुभ्र इमारत उभी आहे. या सगळ्या आवाराभोवती उंच भिंत आहे. हे आवार आयताकार आहे. त्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४५८ मीटर आणि पूर्वपश्चिम रुंदी सुमारे २७५ मीटर आहे.

आता अशी कल्पना करा, की तुम्ही या आवाराच्या आग्नेय कोपऱ्यात उभे आहात. तुमचा मित्र अगदी समोरच्या, म्हणजे वायव्य कोपऱ्यात उभा आहे. तुमच्या दोघांमधले सरळ अंतर किती असेल?

तुम्ही म्हणाल, “त्यात काय कठीण आहे? टेप घ्यावा आणि मोजावे.” पण इथे एक अडचण आहे. आग्र्याचा ताजमहाल बागेच्या एका टोकाला, यमुनेच्या काठी उभा आहे. आपला मकबरा मात्र आवाराच्या मध्यभागी आहे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप ताणायला जाल, तर वाटेत चौथरा येईल, भिंती येतील, खुद्द मकबराच आडवा येईल. टेप दगडातून पलीकडे जाणार नाही. मग हे अंतर कधीच कळणार नाही का?

कळेल. वर्गात बाकावर बसून, कागद-पेन्सिल घेऊन कळेल. त्यासाठी फक्त आवाराची लांबी आणि रुंदी माहीत असली, म्हणजे पुरे.

प्रथम काही शब्दांची ओळख करून घेऊ. उर्दूत तुम्ही ज्याला ‘मुस्ततील’ म्हणता, त्याला मराठीत ‘आयत’ म्हणतात. ‘मुरब्बा’ म्हणजे ‘चौरस’ आणि ‘मुसल्लस’ म्हणजे ‘त्रिकोण’. आयताचे चारही कोन काटकोन असतात. आयताच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेघेला मराठीत ‘कर्ण’ म्हणतात. आयतात असे दोन कर्ण असतात आणि ते दोन्ही सारख्याच लांबीचे असतात.

वहीवर एक आयत काढा. त्याच्या कोपऱ्यांना क्रमाने अ, ब, क, ड अशी नावे द्या. आता अ आणि क यांना जोडणारी रेघ काढा. काय झाले? एका आयताचे दोन त्रिकोण झाले. दोन्ही त्रिकोण अगदी सारखे आहेत आणि प्रत्येकात एक कोन काटकोन आहे. आयताची लांबी आणि रुंदी या त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या, तर आयताचा कर्ण ही तिसरी बाजू झाली. काटकोन त्रिकोणातील या सर्वांत मोठ्या बाजूलाही मराठीत ‘कर्ण’ असेच म्हणतात. म्हणजे नाव एक आणि रेघही एकच.

‘कर्ण’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘कान’ असा आहे. महाभारतातील एका दानशूर वीराचे नावही कर्ण होते. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाला उर्दूत ‘वतर’ म्हणतात. वतर म्हणजे धनुष्याची ताणलेली दोरी. ही दोरी लक्षात ठेवा. पाठात पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

आता मुख्य नियम पाहू. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. हाच नियम आयताच्या भाषेत असा सांगता येईल: आयताच्या लांबीचा वर्ग करा, रुंदीचा वर्ग करा, दोन्हींची बेरीज करा आणि त्या बेरजेचे वर्गमूळ काढा. ती झाली कर्णाची लांबी.

एक सोपे उदाहरण घेऊ. एका वर्गखोलीची लांबी ८ मीटर आणि रुंदी ६ मीटर आहे. खोलीत बाके असल्यामुळे एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावता येत नाही. मग असे करा:

लांबीचा वर्ग = ८ × ८ = ६४
रुंदीचा वर्ग = ६ × ६ = ३६
बेरीज = ६४ + ३६ = १००
१०० चे वर्गमूळ = १०

म्हणून कर्णाची लांबी १० मीटर. एकही बाक हलवावे लागले नाही.

काही मुले घाईघाईत ८ आणि ६ यांची सरळ बेरीज करून १४ असे उत्तर देतात. ते बरोबर का नाही? ८ मीटर आणि ६ मीटर मिळून १४ मीटर ही दोन भिंतींच्या कडेने चालत जाण्याची वाट आहे. कर्ण ही सरळ वाट आहे. सरळ वाट नेहमीच वळणाच्या वाटेपेक्षा कमी असते. म्हणून उत्तर आले, की एकदा तपासून पाहावे. कर्ण लांबीपेक्षा मोठा हवा, पण लांबी-रुंदीच्या बेरजेपेक्षा लहान हवा.

हा नियम नुसता पाठ करू नका. तो खरा का आहे, हे समजून घ्या. त्यासाठी आपण बाराव्या शतकातील एका थोर गणित्याची मदत घेऊ. त्यांचे नाव भास्कराचार्य. त्यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये झाला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा मोठा ग्रंथ लिहून पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच दोन भाग आहेत. भास्कराचार्यांच्या घराण्याची आठवण सांगणारी जागा आपल्यापासून फार दूर नाही. कन्नडहून घाट उतरला, की चाळीसगाव लागते. चाळीसगावाजवळ पाटणे नावाचे गाव आहे. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता आणि त्या मठाला इ. स. १२०७ मध्ये दान मिळाले, असे त्या लेखात सांगितले आहे.

‘बीजगणित’ या ग्रंथात भास्कराचार्यांनी असा त्रिकोण घेतला आहे, की ज्याच्या काटकोन करणाऱ्या बाजू १५ आणि २० आहेत. त्याचा कर्ण किती? त्यांची युक्ती पाहा.

असे सारखेच चार त्रिकोण घ्या. ते अशा रीतीने मांडा, की चौघांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येतील. एका त्रिकोणाची लांब बाजू शेजारच्या त्रिकोणाच्या आखूड बाजूला चिकटून यावी. असे केले, की बाहेरून एक मोठा चौरस तयार होतो. या चौरसाची प्रत्येक बाजू म्हणजे त्रिकोणाचा कर्ण. मध्यभागी एक छोटी चौरस जागा रिकामी राहते. तिची बाजू २० वजा १५, म्हणजे ५ असते.

आता क्षेत्रफळ मोजू. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५ × २० ÷ २ = १५०. चार त्रिकोणांचे ६००. मधल्या छोट्या चौरसाचे ५ × ५ = २५. सगळे मिळून ६२५. म्हणजे मोठ्या चौरसाचे क्षेत्रफळ ६२५ आहे. ६२५ चे वर्गमूळ २५. म्हणून कर्ण २५. आपल्या नियमाने करून पाहा: १५ चा वर्ग २२५, २० चा वर्ग ४००, बेरीज ६२५. उत्तर तेच आले!

तुम्ही विचाराल, “ही एका त्रिकोणाची गोष्ट झाली. सर्व त्रिकोणांचे काय?” प्रश्न योग्य आहे. तेच तुकडे पुन्हा हातात घ्या. दोन-दोन त्रिकोण जोडून दोन आयत बनवा. एक आयत डावीकडे उभा ठेवा. दुसरा त्याच्या उजव्या बाजूला लागून आडवा ठेवा. दोघांचा तळ एका रेषेत असू द्या. उभा आयत आडव्यापेक्षा उंच आहे, म्हणून दोघांच्या मध्ये एक खाच दिसेल. त्या खाचेत, आडव्या आयतावर, छोटा चौरस बसवा. आता नीट पाहा. डावीकडे मोठ्या बाजूचा एक चौरस दिसतो आणि उजवीकडे लहान बाजूचा दुसरा चौरस दिसतो. म्हणजे ज्या तुकड्यांचा कर्णावरचा चौरस झाला होता, त्याच तुकड्यांचे दोन बाजूंवरचे दोन चौरस झाले. तुकडे तेच, क्षेत्रफळही तेच. इथे १५ आणि २० या संख्यांची गरज उरली नाही. काटकोन त्रिकोण कोणताही घ्या, तुकडे असेच जुळतील. यालाच गणितात ‘सिद्धता’ म्हणतात.

या नियमाला आपण ‘पायथागोरसचे प्रमेय’ म्हणतो. पायथागोरस हा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील ग्रीक विद्वान होता. परंतु हे ज्ञान त्याच्याही आधीचे आहे. आजच्या इराकमध्ये पूर्वी बाबिलोन नावाचे राज्य होते. तिथली सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची मातीची एक छोटी वीट अमेरिकेतील येल विद्यापीठात जपून ठेवली आहे. तिच्यावर एक चौरस आणि त्याचे दोन कर्ण कोरले आहेत. शेजारी कर्णाची लांबी लिहिली आहे आणि ती आश्चर्य वाटावे इतकी अचूक आहे. भारतात बौधायन या ऋषींच्या ‘शुल्बसूत्र’ या ग्रंथात हा नियम आयताच्या कर्णाविषयीच सांगितला आहे. यज्ञाच्या वेदी नेमक्या मापाच्या बांधाव्या लागत. त्यांची आखणी दोरीने करत असत. ‘शुल्ब’ या शब्दाचा अर्थच दोरी. पाहा, उर्दूतील ‘वतर’ म्हणजे दोरी आणि संस्कृतातील ‘शुल्ब’ म्हणजेही दोरी! पुढे अरबी आणि फारसी भाषांतील विद्वानांनी या प्रमेयाचा खूप अभ्यास केला. त्यांनी त्याच्या आकृतीला एक गोड नाव दिले: ‘शक्ल-ए-अरूस’. अरूस म्हणजे नवरी, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

भास्कराचार्यांचे ग्रंथ संस्कृतात होते. ज्यांना संस्कृत येत नव्हते, त्यांना ते कसे कळणार? त्यासाठी कुणीतरी भाषांतराचे कष्ट घ्यावे लागतात. इ. स. १५८७ मध्ये बादशहा अकबराच्या सांगण्यावरून कवी फैजी यांनी ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, इ. स. १६३४-३५ मध्ये, शाहजहान बादशहाच्या काळात ‘बीजगणित’ या ग्रंथाचेही फारसी भाषांतर झाले. ते करणाऱ्या विद्वानाचे नाव अताउल्ला रशीदी. ताजमहालाचे प्रमुख वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहौरी यांचे ते पुत्र.

आता बीबी का मकबऱ्याकडे परत या. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानो बेगम यांचे इ. स. १६५७ मध्ये निधन झाले. त्यांच्या कबरीवर हा मकबरा बांधला गेला. इ. स. १६६०-६१ च्या सुमारास तो उभा राहिला. मकबऱ्याच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या दरवाजावर एक लेख आहे. त्यात हे काम करणाऱ्या दोघांची नावे दिली आहेत. एक वास्तुकार अताउल्ला आणि दुसरे अभियंता हंसपत राय. हे अताउल्ला म्हणजेच ‘बीजगणित’ फारसीत आणणारे अताउल्ला! ज्या ग्रंथात चार त्रिकोणांची युक्ती आहे, त्या ग्रंथाचा भाषांतरकार आणि आपल्या शहरातील मकबऱ्याचा वास्तुकार हा एकच माणूस होता. पुढच्या वेळी मकबऱ्यात जाल, तेव्हा त्या दरवाजापाशी क्षणभर थांबा आणि ही गोष्ट बरोबरच्या पाहुण्यांना सांगा.

चला, आता सुरुवातीचे गणित सोडवू.

लांबीचा वर्ग = ४५८ × ४५८ = २,०९,७६४
रुंदीचा वर्ग = २७५ × २७५ = ७५,६२५
बेरीज = २,८५,३८९

या संख्येचे वर्गमूळ पूर्णांकात येत नाही. अशा वेळी घाबरू नये. जवळची संख्या शोधावी. ५३४ चा वर्ग २,८५,१५६ होतो आणि ५३५ चा वर्ग २,८६,२२५ होतो. आपली संख्या या दोहोंच्या मध्ये आहे, पण पहिलीला अधिक जवळ आहे. म्हणून कर्णाची लांबी सुमारे ५३४ मीटर.

भिंतीच्या कडेने गेलात, तर ४५८ आणि २७५ मिळून ७३३ मीटर चालावे लागेल. पाखरू सरळ उडत गेले, तर त्याला ५३४ मीटरच पुरतील. त्याचे १९९ मीटर वाचतील. आणखी एक गोष्ट पाहा. आयताचे दोन्ही कर्ण एकमेकांना बरोबर मध्यावर छेदतात. म्हणजे आवाराचा मध्यबिंदू प्रत्येक कोपऱ्यापासून ५३४ च्या निम्मे, म्हणजे सुमारे २६७ मीटर दूर आहे. दगडी भिंतींच्या आत असलेल्या बिंदूचे अंतर आपण भिंतीला हात न लावता काढले.

तुम्ही म्हणाल, “ही बादशहांच्या इमारतींची गोष्ट झाली. आमच्या घराशी तिचा काय संबंध?” संबंध फार जवळचा आहे. घर बांधायचे ठरले, की आधी पायाची आखणी करतात. मिस्त्री जमिनीत खुंट्या ठोकतो, त्यांना दोरी बांधतो आणि दोरीच्या खाली चुन्याची फक्की टाकतो. समजा, १६ फूट लांब आणि १२ फूट रुंद खोली बांधायची आहे. त्याने चारही बाजू टेपने मोजल्या. समोरासमोरच्या बाजू १६-१६ आणि १२-१२ फूट भरल्या. आखणी बरोबर झाली, असे म्हणता येईल का?

नाही! चार काड्या टोकांना सैल बांधून एक आयत बनवा आणि त्याला एका बाजूने हलकेच ढकला. आयत कलंडेल. काड्यांची लांबी बदललेली नाही, पण कोन बदलले. असा आकार आयत राहत नाही. बाजू मोजून हा दोष दिसत नाही. तो फक्त कर्ण मोजला म्हणजे दिसतो. १६ चा वर्ग २५६, १२ चा वर्ग १४४, बेरीज ४००, वर्गमूळ २०. म्हणजे दोन्ही कर्ण बरोबर २० फूट भरले पाहिजेत. एक कर्ण साडेएकोणीस फूट आणि दुसरा साडेवीस फुटांच्या जवळपास भरला, तर खोली तिरकी झाली आहे, हे समजावे.

अशा वेळी खुंटी सरकवायला दोन मिनिटे लागतात. पण चूक ध्यानात न येता भिंती उभ्या राहिल्या, तर काय होईल? फरशी बसवताना एका बाजूला फट पडेल आणि दुसऱ्या बाजूला फरशी कापावी लागेल. कपाट कोपऱ्यात नीट बसणार नाही. वर्षानुवर्षे पै-पै साठवून बांधलेले घर जन्मभर तिरके राहील. म्हणून आखणी चालू असताना तुम्ही तिथे असाल, तर मोठ्या माणसांना नम्रपणे एवढेच विचारा, “कर्ण मोजले का?”

काटकोन तपासण्यासाठी मिस्त्रीजवळ लोखंडी गुण्या असतो. पण तो लहान असतो. अर्ध्या मीटरच्या गुण्यावर एक सेंटिमीटरची चूक झाली, तर दहा मीटर लांबीच्या भिंतीच्या टोकाला ती वीस सेंटिमीटर होते. म्हणून जाणता मिस्त्री दोरीने ‘तीन-चार-पाच’ करून पाहतो. कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण करतो आणि दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधले अंतर ५ फूट भरले, तर कोपरा काटकोनात आहे. ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, म्हणजे ५ चा वर्ग. आखणी मोठी असेल, तर ६, ८, १० ही मापे घ्यावीत. आपला नियम उलट बाजूनेही खरा आहे, म्हणून हे चालते. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसऱ्या बाजूच्या वर्गाइतकी असेल, तर तो त्रिकोण काटकोन त्रिकोणच असतो. यज्ञाची वेदी आखणारी दोरी आणि आपल्या गल्लीतील मिस्त्रीची दोरी, दोन्हींचे गणित एकच आहे.

आता तुमच्या खेळातले एक उदाहरण. कॅरम बोर्डाचा खेळण्याचा भाग चौरस असतो. मोठ्या बोर्डावर त्याची बाजू ७४ सेंटिमीटर असते. चौरस हाही एक आयतच आहे. फक्त त्याची लांबी आणि रुंदी सारखी असते. त्यामुळे चौरसाच्या कर्णाचे गणित आणखी सोपे होते. बाजूला २ च्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे १.४१४ ने गुणले, की कर्ण मिळतो. ७४ × १.४१४ म्हणजे सुमारे १०४.६ सेंटिमीटर. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे हे अंतर. बाबिलोनच्या त्या विटेवर हीच १.४१४ संख्या त्यांच्या अंकांत लिहिलेली आहे.

दुकानात ‘बत्तीस इंची’ टी.व्ही. मिळतो. हे बत्तीस इंच म्हणजे पडद्याची रुंदी नव्हे आणि उंचीही नव्हे. तो पडद्याचा कर्ण आहे. रुंद पडद्याच्या अशा टी.व्ही.ची रुंदी सुमारे २८ इंच आणि उंची सुमारे १६ इंच असते. भिंतीवर किंवा कपाटात जागा किती हवी, हे ठरवताना ही गोष्ट उपयोगी पडते.

मित्रांनो, पाटण्याच्या परिसरात ज्यांची परंपरा जपली गेली, त्या भास्कराचार्यांनी संस्कृतात लिहिले. अताउल्लांनी ते फारसीत नेले. आज तुम्ही तेच गणित गणिताच्या पुस्तकात उर्दूतून शिकता आणि या पाठात मराठीतून वाचता. भाषा बदलली, तरी ६ आणि ८ यांचा कर्ण १० च राहतो. वहीवर एक आयत काढा, त्याच्या बाजू मोजा आणि कर्ण आधी गणिताने काढा. मग पट्टी लावून पाहा. उत्तर जुळले, की तुम्हांला जो आनंद होईल, तो कोणत्याही भाषेत सारखाच असेल.

शब्दार्थ

आयत – चार काटकोन असलेली चौकोनी आकृती (मुस्ततील)
कर्ण – समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघ. काटकोन त्रिकोणातील सर्वांत मोठी बाजू
आवार – इमारतीभोवतालची कुंपणाच्या किंवा भिंतीच्या आतील जागा
चौथरा – उंच बांधलेली सपाट बैठक
आग्नेय – पूर्व आणि दक्षिण यांमधील दिशा
वायव्य – पश्चिम आणि उत्तर यांमधील दिशा
सिद्धता – एखादे विधान खरे आहे हे दाखवून देणे
खाच – मध्ये राहिलेली रिकामी जागा
आखणी – बांधकामापूर्वी जमिनीवर रेघा काढण्याचे काम
फक्की – बारीक पूड
गुण्या – काटकोन तपासण्याचे साधन
कलंडणे – एका बाजूला झुकणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बीबी का मकबऱ्याचे आवार कोणत्या आकाराचे आहे?
(आ) ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ भास्कराचार्यांनी कोणत्या वर्षी पूर्ण केला?
(इ) ‘लीलावती’चे फारसी भाषांतर कोणी केले?
(ई) ‘शुल्ब’ या शब्दाचा अर्थ काय?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मकबऱ्याच्या आवाराचा कर्ण टेपने का मोजता येत नाही?
(आ) अताउल्ला यांच्या दोन कामांची माहिती लिहा.
(इ) पायाची आखणी करताना फक्त चार बाजू मोजणे पुरेसे का नाही?

३. गणिते सोडवा आणि उत्तर पूर्ण वाक्यात लिहा.
(अ) एका बागेची लांबी ४० मीटर आणि रुंदी ३० मीटर आहे. तिचा कर्ण किती?
(आ) एक दार ६ फूट उंच आणि अडीच फूट रुंद आहे. दाराचा कर्ण काढा.
(इ) २५ फुटांची शिडी भिंतीला टेकवली आहे. शिडीचा पाय भिंतीपासून ७ फुटांवर आहे. शिडीचे टोक किती उंचीवर पोहोचले?
(ई) ‘लीलावती’त असा एक प्रश्न आहे: ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मध्येच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. बांबू जमिनीपासून १२ हातांवर मोडला, हे उत्तर बरोबर आहे का ते तपासा.

४. खालील शब्दांचे अनेकवचन लिहा.
रेघ, दोरी, खुंटी, कोपरा, भिंत, चौरस

५. खालील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
मधोमध, परिचयाचा, नम्रपणे, ध्यानात येणे

६. ‘आयत’, ‘चौरस’, ‘त्रिकोण’, ‘काटकोन’ आणि ‘वर्गमूळ’ या शब्दांना तुमच्या गणिताच्या पुस्तकात कोणते उर्दू शब्द आहेत ते शोधा आणि मराठी-उर्दू तक्ता तयार करा.

उपक्रम

जाड कागदाचे ६ सेंटिमीटर आणि ८ सेंटिमीटर बाजूंचे चार सारखे काटकोन त्रिकोण आणि २ सेंटिमीटर बाजूचा एक छोटा चौरस कापा. पाठात सांगितल्याप्रमाणे दोन्ही रीतींनी मांडून पाहा. मोठ्या चौरसाची बाजू पट्टीने मोजा. ती बरोबर १० सेंटिमीटर भरते का?